घाना देश : त्याची भूमि, लोक व उद्योगधंदे

शाळेंतील भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहिला तर त्यावर दोन मुख्य रेषा दिसतात. एक आडवी, म्हणजे विषुववृत्त. आणि दुसरी उभी, इंग्लंडांतील ग्रीनिच गांवावरून जाणारी, जिच्यापासून पूर्व व पश्चिम रेखांश मोजितात. या दोन रेषा जेथें एकमेकींस छेदितात तेथें जमीन नाहीं. तेथें गिनीच्या आखाताचें पाणी आहे. त्या बिंदूपासून उभ्या रेषेनें सरळ उत्तरेकडे गेलें असतां सुमारें सहाशें किलोमीटरांवर जो किनारा लागतो तो घाना देशाचा होय. टेमा नांवाचें त्या देशाचें मोठें बंदर या रेषेवरच वसलेलें आहे.

आफ्रिका म्हटली कीं आपल्या पुष्कळ लोकांच्या डोळ्यांपुढें वाळवंट, सिंह व दुष्काळ एवढींच चित्रें उभीं राहतात. आफ्रिका हा एक देश नसून पन्नासांहून अधिक देशांचें तें खंड आहे, हें शिकलेला मनुष्यही बोलण्याच्या ओघांत विसरतो. म्हणून साऱ्या खंडाविषयीं मोघम लिहिण्यापेक्षां एकाच देशाची ओळख वाचकांस करून द्यावी, असें योजिलें आहे. घाना निवडण्याचें कारण असें कीं, नाताळांत आपल्या मुलांच्या हातीं जी चॉकलेटची वडी पडते तिच्यांतील कोको बहुशः या देशाचा किंवा त्याच्या शेजाऱ्याचा असतो. ज्याच्या शेतांतील माल आपण खातों त्याचें घरदार कसें आहे, हें आपणांस ठाऊक असावें.

घानाच्या पश्चिमेस आयव्हरी कोस्ट, उत्तरेस बुर्किना फासो व पूर्वेस टोगो हे देश आहेत. या तिन्ही देशांवर पूर्वीं फ्रेंचांचा अंमल होता. घानावर मात्र इंग्रजांचा. क्षेत्रफळ सुमारें २,३८,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाऊणपट. लोकसंख्या २०२१ च्या खानेसुमारींत ३ कोटि ८ लक्ष भरली. राजधानी आक्रा ही समुद्रकिनाऱ्यावर आहे. १९५७ सालापर्यंत या देशास इंग्रज लोक ‘गोल्ड कोस्ट’, म्हणजे सोन्याचा किनारा, असें म्हणत. घाना हें नांव एका प्राचीन राज्याचें आहे. पण तें राज्य येथें नव्हतेंच. तें पुष्कळ दूर वायव्येस, हल्लींच्या मॉरिटानिया व माली या देशांच्या भागांत होतें. स्वतंत्र झालेल्या लोकांनीं परक्यांनीं दिलेलें नांव टाकून आपल्या खंडांतील एका जुन्या वैभवाचें नांव धारण केलें, इतकाच त्याचा अर्थ.

देश बहुतेक सखल आहे. अत्युच्च शिखर अफाज्या हें सुमारें ८८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडेंच अधिक उंच आहे. किनाऱ्यालगत मैदान, त्याच्या उत्तरेस दाट जंगलाचा पट्टा, जेथें कोकोच्या बागा व सोन्याच्या खाणी आहेत, आणि त्याच्याही उत्तरेस गवताळ माळ, ज्यावर शिया, बाओबाब अशीं झाडें विरळ विरळ उभीं असतात. दक्षिणेंत वर्षांतून दोनदां पावसाळा येतो, उत्तरेंत एकदांच. मौज ही कीं, नैर्ऋत्य कोंपऱ्यांत आक्सिमकडे कोंकणाची आठवण व्हावी इतका पाऊस पडतो आणि त्याच किनाऱ्यावर थोडें पूर्वेस आक्रा येथें देशावरल्या गांवासारखें कोरडें असतें. डिसेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत सहारा वाळवंटाकडून ‘हरमाटन’ नांवाचा वारा वाहतो. तो इतका शुष्क असतो कीं ओठ फुटतात, लांकूड तडकतें, व बारीक धुळीनें सूर्य फिकट दिसतो.

देशांतील मुख्य नदी व्होल्टा. तिच्यावर आकोसोंबो येथें १९६५ सालीं धरण पुरें झालें व त्यामागें जो जलाशय झाला तो सुमारें ८,५०० चौरस किलोमीटरांचा आहे. पैठणचा नाथसागर पाहून ज्यांचे डोळे दिपले असतील त्यांनीं तसे वीस नाथसागर एकत्र कल्पावे. तरी हा जलाशय त्यांहून मोठा भरेल. मनुष्यानें बांधलेल्या इतक्या विस्ताराच्या जलाशयांची संख्या साऱ्या जगांत फार थोडी आहे. त्यासाठीं सुमारें सातशें गांवें पाण्याखालीं गेलीं व ऐंशीं हजार लोक उठले. त्यांना नवीं घरें मिळालीं, परंतु पुष्कळांस पहिल्यासारखी जमीन मिळाली नाहीं. धरणग्रस्तांची ही कथा आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको. पाण्यांत बुडालेल्या जंगलाचे वाळके बुंधे अद्याप तसेच उभे असून त्यांवर आदळून होड्या उलटतात व माणसें दगावतात. या धरणाच्या विजेचा मोठा भाग आरंभीं टेमा येथील अल्युमिनिअमच्या कारखान्यास फार स्वस्त दरानें देण्यांत आला. घानाच्या भूमींत बॉक्साइटची माती विपुल आहे. तथापि अमेरिकन मालकांच्या त्या कारखान्यांत लागणारा अर्धा तयार माल परदेशांतून जहाजानें येत असे. नदी आपली, माती आपली, वीजही आपली, आणि लाभ दुसऱ्याचा, हा प्रकार या देशाच्या इतिहासांत वारंवार दिसतो.

आतां लोकांविषयीं. देशांत अनेक जमाती व अनेक भाषा आहेत. सर्वांत मोठा समाज आकान लोकांचा. अशांती व फांटी हे त्यांतलेच. शंभरांत सुमारें शेहेचाळीस लोक आकान आहेत. त्यांच्या बोलीस ट्वी म्हणतात. आग्नेयेस एवे, आक्राच्या आसपास गा, व उत्तरेस दागोंबा आदि लोक राहतात. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी. शंभरांत एकाहत्तर लोक ख्रिस्ती व वीस मुसलमान आहेत. बाकीच्यांत पूर्वजांच्या धर्मानें चालणारे कांहीं आहेत. घरांत दोन्ही धर्मांचीं माणसें असणें तेथें नवलाचें नाहीं, आणि सणावारीं एकमेकांकडे जाणें-येणें चालतें.

आकान लोकांत मूल ज्या वारीं जन्मतें त्या वारावरून त्यास एक नांव मिळतें. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. शनिवारची मुलगी आमा, रविवारची आकोसुआ. आपल्याकडेही डोंगरपट्टींतील गांवांत सोम्या, मंगळ्या, बुध्या अशीं नांवें आहेतच. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस (१९९७ ते २००६) कोफी अन्नान हे याच देशांतील कुमासी शहरीं जन्मले. तो शुक्रवार होता, हें त्यांच्या नांवावरूनच कळतें.

याहून मोठी विशेष गोष्ट म्हणजे आकान लोकांचें कुळ आईवरून चालतें. मनुष्याची वडिलार्जित मालमत्ता रूढीप्रमाणें त्याच्या मुलाकडे न जातां भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जाते. आपल्या देशांत मलबारांत नायर लोकांमध्यें अशी वहिवाट होती. तिच्यामुळें स्त्रीला मान आहे; गांवच्या राजाच्या जोडीस एक राजमाता असते व नवा राजा कोण हें सुचविण्याचा अधिकार तिचाच. परंतु या रूढीची दुसरी बाजूही आहे. नवऱ्याबरोबर वीस वर्षें बागेंत राबलेली बायको नवरा मेल्यावर रिकाम्या हातानें घराबाहेर पडे. कारण बाग भाच्याची. १९८५ सालीं सरकारनें वारशाचा कायदा करून विधवेस व मुलांस वाटा ठरवून दिला. कायदा झाला तरी गांवांत त्याचा अंमल होण्यास वेळ लागतो.

व्यापार पुष्कळसा बायकांच्या हातीं आहे. आक्रा व कुमासी येथील बाजारांत टोमॅटो, सुरण, मासे, कापड यांच्या प्रत्येक पेठेची एक मुख्य बाई असते. तिच्या शब्दाबाहेर दर ठरत नाहीं. खाण्यांत सुरणाच्या जातीचे कंद, कच्चीं केळीं, मका, व कसावा नांवाचें मूळ हीं मुख्य. (आपल्या उपासाचा साबुदाणा याच कसाव्याच्या पिठापासून होतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.) उकडलेला कसावा व केळें उखळांत मुसळानें कुटून त्याचा मऊ गोळा करितात, त्यास फुफू म्हणतात. तो चावावयाचा नसतो. रश्शांत बुडवून गिळावयाचा असतो.

नाण्याचें नांव सेडी. हा शब्द कवडी या अर्थाच्या आकान शब्दापासून निघाला आहे. त्या किनाऱ्यावर शेंकडों वर्षें कवड्यांचें चलन चाले, आणि त्या कवड्या येत कोठून? बहुतेक आपल्या हिंदी महासागरांतील मालदीव बेटांतून. तेथून त्या बंगाल व सिंहलद्वीपाच्या वाटेनें युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांत भरून युरोपांत जात, व तेथून पश्चिम आफ्रिकेस. त्या देऊन व्यापारी जें विकत घेत त्यांत माणसेंही होतीं.

१४८२ सालीं पोर्तुगीजांनीं एल्मिना येथें किल्ला बांधिला. प्रथम त्यांस सोनें हवें होतें. पुढें अमेरिकेंत उंसाचे मळे निघाले व तेथें राबण्यास माणसें हवीं झालीं, तेव्हां डच, इंग्रज, डेन या सर्वांनीं या किनाऱ्यावर एकापुढें एक किल्ले उभारिले. केप कोस्ट येथील इंग्रजांच्या किल्ल्यांत पुरुष गुलामांना कोंडण्याचें तळघर आहे, आणि त्या तळघराच्या वरच उपासनामंदिर होतें. खालीं अंधारांत शेंकडों माणसें सांखळ्यांत, आणि वर स्तोत्रें. या किल्ल्यांत १७६६ पासून १८१६ पर्यंत जो पाळक होता तो फिलिप क्वाक हा स्वतः त्याच किनाऱ्यावरचा आफ्रिकन. इंग्लंडच्या मंडळीनें दीक्षा दिलेला तो पहिला आफ्रिकन पाळक. पन्नास वर्षें त्यानें तेथें सेवा केली, शाळा चालविली, आणि त्या काळांत पायाखालून किती माणसें गेलीं असतील याचा हिशेब करवत नाहीं. त्या माणसाच्या मनाची कल्पना करतां येणें कठीण आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांनीं हा भाग गाळून आफ्रिकेंतील मिशनकार्याचा इतिहास सांगूं नये. इंग्रजांनीं १८०७ सालीं गुलामांचा व्यापार बंद केला.

किनाऱ्याच्या आंत अशांती लोकांचें बलाढ्य राज्य होतें. कुमासी ही त्याची राजधानी. त्यांचें राजचिन्ह म्हणजे एक सुवर्णासन. आपल्या चौरंगासारखें ठेंगणें, सोन्यानें मढविलेलें. तें आकाशांतून उतरून पहिला राजा ओसेई टुटू याच्या मांडीवर आलें, अशी त्या लोकांची श्रद्धा. त्यांत साऱ्या राष्ट्राचा प्राण आहे म्हणून राजासुद्धां त्यावर बसत नाहीं. १८७४ सालीं इंग्रजांनीं कुमासी जाळून लुटली. १८९६ सालीं प्रेम्पे राजास पकडून नेलें व पुढें सेशेल बेटांवर ठेविलें. तरी १९०० सालीं गव्हर्नर हॉजसन यानें सरदारांस बोलावून तें आसन आपणांस बसण्यास आणून द्या, अशी मागणी केली. तेव्हां एजिसूची राजमाता या आसांतेवा हिनें पुढें होऊन युद्ध पुकारिलें. ती हरली, सेशेल बेटांतच १९२१ सालीं वारली. परंतु आसन इंग्रजांच्या हातीं कधींच लागलें नाहीं. १८७४ च्या लुटींतले व इतर कांहीं सोन्याचे दागिने लंडनच्या दोन संग्रहालयांनीं २०२४ सालीं कुमासीस दिले खरे, पण ते परत केले नाहींत. तीन वर्षांच्या मुदतीनें उसने दिले. ज्याचें त्यालाच उसनें!

दुसऱ्या महायुद्धांत पश्चिम आफ्रिकेच्या पलटणी १९४३ सालीं हिंदुस्थानांत येऊन ब्रह्मदेशांत आराकानच्या रानांत जपान्यांशीं लढल्या. जेथें गाडी व खेंचर चालत नसे तेथें त्यांचे हमाल डोक्यावर ओझें वाहून नेत. युद्धावरून परत आलेल्या शिपायांस ठरलेलें वेतन व काम मिळेना, म्हणून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ते निःशस्त्र मोर्चा घेऊन आक्रा येथील गव्हर्नराच्या वाड्याकडे निघाले. पोलिसांच्या गोळीबारांत तिघे ठार झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीस तेथून वेग आला. क्वामे एन्क्रुमा यांनीं गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास केला होता. त्यांनीं १९५० सालीं बहिष्कार व संप यांचा लढा पुकारिला, तुरुंगांत गेले, व १९५१ ची निवडणूक तुरुंगांतूनच जिंकिली. ६ मार्च १९५७ रोजीं देश स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडील वसाहतींपैकीं युरोपीय सत्तेपासून मोकळ्या झालेल्या देशांत तो अग्रणी होय. पुढें मात्र त्याच एन्क्रुमांनीं विरोधकांस चौकशीवांचून तुरुंगांत टाकिलें व १९६४ सालीं एकाच पक्षाचें राज्य केलें. १९६६ सालीं सैन्यानें त्यांस काढिलें. त्यानंतर पंचवीस वर्षें बहुतेक लष्करी अंमलांत गेलीं. १९९२ च्या राज्यघटनेपासून नियमानें निवडणुका होत आहेत, आणि २००१, २००९, २०१७ व २०२५ या चारही वेळीं हरलेल्या पक्षानें मुकाट्यानें सत्ता सोडिली. शेजारच्या देशांत सेनापतींनीं राज्यें बळकाविलीं असतां ही गोष्ट लहान नव्हे.

आतां कोकोकडे वळूं. पण त्याची कथा एका मिशनपासून निघते. ज्यांच्या घरावर मंगलोरी कौलें आहेत त्यांस बासेल मिशनचें नांव ठाऊक असेल. स्वित्झर्लंडांतील या मिशननें १८३४ सालीं मंगळूर येथें काम आरंभिलें व १८६५ सालीं तेथें कौलांचा कारखाना काढिला. त्याच मिशनचे चार तरुण १८२८ च्या डिसेंबरांत आक्राजवळ उतरले होते. कांहीं वर्षांतच ते चौघेही तापानें मृत्यु पावले. मागून आलेल्यांचीही तीच गत होऊं लागली, तेव्हां १८४३ सालीं वेस्ट इंडीजमधून, विशेषतः जमेका बेटांतून, कांहीं ख्रिस्ती कुटुंबें आणून डोंगरावरील आक्रोपोंग गांवीं वसविण्यांत आलीं. हीं कुटुंबें आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज. त्यांनीं बरोबर आंब्याच्या कोयी आणिल्या. मूळचा हिंदुस्थानचा आंबा असा अमेरिकेच्या वळणानें घानांत पोहोंचला. यांपैकीं एका कुटुंबांतले पीटर हॉल हे १९१८ सालीं तेथील स्वतंत्र प्रेस्बितेरियन मंडळीचे पहिले अध्यक्ष झाले. जर्मन मिशनरी पहिल्या महायुद्धांत हांकलले गेल्यावर ती मंडळी विखुरली नाहीं, याचें कारण अशीं माणसें. योहान क्रिस्टालर यांनीं डेव्हिड आसांते आदि देशी बांधवांच्या साह्यानें ट्वी भाषेंत संपूर्ण पवित्र शास्त्र १८७१ सालीं पुरें केलें, व १८७९ सालीं त्या भाषेंतील ३,६०० म्हणी एका पुस्तकांत छापिल्या.

त्याच मिशनच्या कारखान्यांत टेटे क्वार्शी नांवाचा एक गा जातीचा लोहार तयार झाला होता. तो कामासाठीं फर्नांडो पो (हल्लींचें बिओको) बेटावर गेला व परत येतांना कोकोच्या बिया घेऊन आला. १८७९ च्या सुमारास आक्वापिम डोंगरांतील माम्पोंग गांवीं त्यानें त्या लाविल्या. कोको हें झाड मूळ दक्षिण अमेरिकेचें. मिशनऱ्यांनींही तें लावून पाहिलें होतें, पण त्यांस फारसें यश आलें नाहीं. लोहाराच्या बागेंतून मात्र तें शेजाऱ्यांच्या शेतांत गेलें. १९११ सालापर्यंत कोकोच्या उत्पन्नांत हा देश जगांत पहिला झाला. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हे मळे साहेबांचे नव्हते. शेतकऱ्यांनीं आपल्या पदरच्या पैशानें, पुष्कळदां दहा-पांच जणांनीं मिळून, परगांवीं जंगलाची जमीन विकत घेऊन बागा उठविल्या. १९६३ सालीं पॉली हिल या बाईंनीं यावर पुस्तक लिहून दाखविलें कीं, आफ्रिकेचा शेतकरी आळशी व रूढिग्रस्त, हें जें शहरांतील पंडित म्हणत तें अज्ञान होय.

कोकोचें फळ फांदीच्या शेंड्यास न लागतां खोडासच लागतें; लांबट पोपईएवढें, पिकलें म्हणजे पिवळें. रोप लहान असतां त्याला सांवली लागते, म्हणून केळींच्या मधोमध लावितात. चार वर्षांनीं फळ येऊं लागतें. फळें कोयत्यानें काढून फोडितात. आंत पांढऱ्या गोड गरांत तीस-चाळीस बिया असतात. त्या केळीच्या पानांवर रचून, वर पानेंच झांकून, सहा-सात दिवस आंबवितात. चॉकलेटचा वास येतो तो या आंबविण्यामुळें. न आंबविलेली बी कडू व निर्वास असते. मग बांबूच्या मांडवांवर चटया घालून आठवडाभर उन्हांत वाळवितात व दिवसांतून अनेकदां हातानें परततात. सुमारें चौसष्ट किलोंचें पोतें भरितात. घानाचा कोको जगांत उत्तम मानिला जातो तो या शेवटच्या दोन कामांतील चोखपणामुळें. बाग ज्याची तोच ती कसतो असें नाहीं. ‘आबुसा’ रीतीनें कसणाऱ्यास उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मिळतो. ‘आबुनू’ म्हणजे आपली अर्धेली. आमच्या खेडेगांवच्या वाचकांस हे हिशेब चटकन् समजतील.

हिशेबांत खोट पुढें येते. १९३७ सालीं युरोपीय कंपन्यांनीं आपसांत करार करून कोकोचा भाव दाबला. तेव्हां शेतकरी व गांवचे राजे एक झाले आणि त्यांनीं माल विकणेंच बंद केलें. विलायती माल घेणेंही सोडिलें. सहा महिनेपर्यंत हा बहिष्कार टिकला. अखेर १९३८ च्या एप्रिलांत तडजोड झाली व चौकशी समितीनें शेतकऱ्यांची तक्रार खरी ठरविली. म्हणून १९४७ पासून सारा कोको सरकारी मंडळानेंच घ्यावा असें ठरलें. आपल्याकडे १९७२ सालीं कापसाची एकाधिकार खरेदी निघाली तसेंच तें. हेतु चांगला होता कीं, भाव चढेल तेव्हां कांहीं शिल्लक ठेवावी व पडेल तेव्हां शेतकऱ्यास द्यावी. घडलें असें कीं, १९५४ सालीं जगांत भाव कडाडले असतां सरकारनें ६० रत्तलांस ७२ शिलिंग हा भाव बांधून दिला, आणि वरचा पैसा देशाच्या इतर कामांस गेला. शाळा, रस्ते, दवाखाने त्यांतून झाले हें खरें. पण ज्याच्या घामाचा पैसा त्यास कोणीं विचारिलें नाहीं. परकी दलाल जाऊन आपला दलाल आला कीं शेतकऱ्याचें दुःख निम्मेंच हलकें होतें.

अलीकडील गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०२०-२१ सालीं घानांत दहा लक्ष टनांहून अधिक कोको झाला. २०२३-२४ सालीं त्याच्या निम्माच. पावसाची अवकृपा, खोडें सुजवून झाड मारणारा एक रोग, म्हाताऱ्या बागा, व खताचा तुटवडा हीं कारणें. पीक बुडालें म्हणून जगांतला भाव २०२४ च्या डिसेंबरांत टनास बारा हजार डॉलरांवर गेला. असा भाव पूर्वीं कोणीं पाहिला नव्हता. परंतु सरकारी मंडळ पुढच्या वर्षाचें पीक आधींच विकून ठेवितें. त्यामुळें चढलेला भाव शेतकऱ्यापर्यंत आलाच नाहीं. त्याला त्या हंगामांत टनास ४८,००० सेडी, म्हणजे सुमारें तीन हजार डॉलर मिळाले. सरहद्दीपलीकडे टोगोंत अधिक मिळतात म्हणून रातोरात पोतीं तिकडे जाऊं लागलीं. पुढें २०२५ सालीं जागतिक भाव निम्म्याखालीं आला. दुकानांतील वडीच्या किंमतीचा दहावा हिस्साही बाग कसणाऱ्याच्या हातीं पडत नाहीं, आणि मजूर परवडत नाहीं म्हणून मुलें बागेंत कोयता घेऊन राबतात. घाना व आयव्हरी कोस्ट या दोन देशांत मिळून कोकोच्या कामांत पंधरा लक्षांहून अधिक मुलें आहेत, असा २०२० सालच्या एका पाहणीचा अंदाज आहे.

उत्तर भागाविषयीं थोडें सांगणें उरलें आहे. इंग्रजांनीं तिकडे शाळा थोड्या काढिल्या व तेथील माणसें दक्षिणेच्या खाणींत व बागांत मजूर म्हणून आणिलीं; ती वाट अद्याप मोडली नाहीं. तेथील मुली आक्राच्या बाजारांत डोक्यावर ओझीं वाहतात. शियाच्या बियांचें तूप काढणें हा तेथील बायकांचा धंदा. एक गोष्ट मात्र आनंदाची. आपल्या पायविहिरींच्या पाण्यांतून होणारा नारू जुन्या लोकांस आठवत असेल. हिंदुस्थान त्यापासून २००० सालीं मुक्त ठरला. घानाच्या उत्तर भागांत तो फार होता. गांवोगांव पाणी फडक्यानें गाळून पिण्याची संवय लावून तो देशही २०१५ सालीं नारूमुक्त ठरला. मध्यभागांत हल्लीं काजू पुष्कळ पिकतो, व त्याचें कच्चें बी जहाजानें आपल्या देशांतील कारखान्यांत फोडण्यास येतें.

आणि सोनें? तें अजून आहे. सोन्याच्या उत्पन्नांत घाना आतां दक्षिण आफ्रिकेच्याही पुढें गेला आहे. ओबुआसीची मोठी खाण १८९७ पासूनची. परंतु आज चिंता आहे ती परवान्यावांचून नदीकाठ उकरणाऱ्या लहान खाणींची. त्यांस ‘गालामसे’ म्हणतात. पूर्वीं माणसें फावड्यानें व पाटीनें खणीत. हल्लीं मोठीं यंत्रें आणितात. सोन्याचे कण धरून ठेवण्यासाठीं पारा वापरितात व तो पाण्यांत जातो. बागवाल्याकडे मनुष्य येतो, रोख रक्कम पुढें ठेवितो. ती कोकोच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाहून अधिक असते. झाडें म्हातारीं झालीं आहेत, रोग लागला आहे, भाव मिळत नाहीं, मुलाची फी भरावयाची आहे. तो हो म्हणतो. कांहीं जण नाहीं म्हणतात; मग शेजाऱ्याच्या खड्ड्यांतील गाळपाणी त्यांच्या बागेंत शिरतें. भूमीखालचें सोनें कायद्यानें राष्ट्राचें आहे, शेतकऱ्याचें नव्हे; त्याचीं केवळ वरचीं झाडें. सरकारनें २०१७ सालीं बंदी केली, पलटणी धाडिल्या, यंत्रें जाळलीं; धंदा थांबला नाहीं. ६ ऑगस्ट २०२५ रोजीं याच प्रश्नासंबंधींच्या एका कार्यक्रमास ओबुआसीकडे जात असतां हेलिकॉप्टर कोसळून संरक्षणमंत्री व पर्यावरणमंत्री यांसह आठ जण मृत्युमुखीं पडले.

प्रा नांवाच्या नदीचें पाणी केप कोस्ट शहरास नळानें जातें. २०२४ च्या ऑगस्टांत तेथील पाणीखात्यानें कळविलें कीं, शुद्धीकरणाचें यंत्र जेवढें गढूळ पाणी गाळण्यासाठीं बांधलें आहे त्याच्या सातपट गढूळ पाणी नदींतून येत आहे, व शहरास पुरेसें पाणी देणें शक्य नाहीं. ज्या डोंगरपट्ट्यांतून ती नदी व तिच्या उपनद्या वाहतात तोच कोकोच्या बागांचा मुख्य प्रदेश आहे.